जुनी सफारी: मूळ इंजिन की डायकोर?

साताऱ्यात आमच्या दारात वडिलांची १९९९ची फोर-बाय-फोर सफारी उभी आहे. मूळ १९४८ सीसीचं टर्बो डिझेल खोलून बांधायचं, की नंतरच्या सफारीचं २.२ लिटरचं डायकोर डिझेल इंजिन बसवायचं?

डायकोरची ओढ यवतेश्वरच्या घाटात लगेच कळेल. पण ते पडलं कॉमन रेल, म्हणजे डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक्सच्या ताब्यात. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), माउंटिंग, सगळाच खेळ. वर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. १५ वर्षं उलटलेली गाडी, दर ५ वर्षांनी पासिंग आहेच, नोंद नसली की अडकलीच.

मूळ इंजिन साध्या मेकॅनिकल पंपाचं. रिंगा, बेअरिंगं, हेड गॅस्केट. जाणता मिस्त्री निवांत बांधतो. चढाला दम खाते, खरंय (आम्हालाही कुठं घाई आहे!).

माझा कौल मूळ इंजिनाला. उरलेल्या पैशात आधी चासीचा गंज, मग ब्रेक.