लष्कर, नौदल की हवाई दल : मुलीला लढायलाच जायचं असेल तर कुठे जावं?

७ मे २०२५ च्या सकाळी ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह टीव्हीवर आल्या आणि पुढचे बरेच दिवस माझ्या फोनला उसंत नव्हती. मी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवतो, सोबत तिथली एनसीसी सांभाळतो. ‘सर, आमच्या मुलीलाही तेच करायचंय,’ असं म्हणणारे आईबाप एरवी अधूनमधून भेटतात. तेव्हा रांग लागली होती. ‘तेच म्हणजे काय?’ एवढं विचारलं की बहुतेकांची गाडी अडायची. कुरेशी सिग्नल्सच्या, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेतल्या, व्योमिका सिंह हेलिकॉप्टर पायलट. दोघींची कामं मोठी आणि धोक्याची, पण रायफल घेऊन शत्रूची चौकी घ्यायला जाणं त्यांच्या कामात येत नाही. तेव्हा मुलीच्या मनात नेमकं काय आहे, वर्दी, विमान की लढाई, हे आधी तिच्याकडूनच काढून घ्यावं.

लढाई असं तिचं उत्तर असेल तर पुढचं वाचा. वयाच्या अटी, फॉर्म, एसएसबीचे (अधिकारी निवडीच्या मुलाखती-चाचण्यांचे) पाच दिवस हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. आणि एक आधीच सांगतो : आमची लेक नौदलात आहे. त्यामुळे माझा काटा थोडा त्या बाजूला झुकलेला असणार, तेवढी वजावट करून घ्या.

मुलींनी लढावं का, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही, कारण तो घरातच निघतो. आमच्याकडे तो माझ्या आईने काढला. ‘शत्रूने पकडलं तर?’ तिला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. पकडला गेलेल्या मुलाचेही हालच होतात आणि आपण मुलांना त्यासाठी घरी बसवत नाही. तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही पुरतं झालेलं नाही. गावाकडून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असा दुसरा मुद्दा सरकारने सर्वोच्च न्यायालयात मांडला होता. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने तो झिडकारला. पण तो निकाल पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीचा होता. त्याने इन्फन्ट्री (पायदळ) उघडली असा समज पालकांत अजून आढळतो, तसं काही झालेलं नाही.

खरा मुद्दा ताकदीचा, आणि तो उडवून लावण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०१५ मध्ये चाचण्या घेतल्या तेव्हा स्त्री-पुरुष मिश्र तुकड्या बहुतेक कामांत मागे पडल्या आणि मुलींना दुखापतीही जास्त झाल्या. त्याच वर्षी तीन बायका तिथल्या लष्कराचा रेंजर स्कूलचा जीवघेणा कोर्स पुरा करून बाहेर पडल्या. दोन्ही खरं आहे. सरासरी मुलगी सरासरी मुलापेक्षा कमी ओझं उचलते, आणि एखादी मुलगी बऱ्याच मुलांपेक्षा जास्त उचलते. मग कामाला लागते तेवढी एकच कसोटी ठेवावी, जो उतरेल तो किंवा जी उतरेल ती जाईल, एवढंच माझं म्हणणं. अमेरिकेने २०१६ पासून आणि ब्रिटनने २०१८ मध्ये सगळ्या जागा उघडल्या त्या याच बोलीवर. आपल्याकडे तिन्ही दलांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या आहेत, म्हणून तुलना करावी लागते.

लष्करापासून सुरुवात करतो, कारण ओढा तिकडेच जास्त असतो. आणि का नसावा? माणसं घेऊन चालायचं काम कोवळ्या वयात दुसरीकडे कुठे मिळत नाही. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडचं असेल तर लेखी परीक्षाही चुकते, थेट एसएसबी. शिवाय महाराष्ट्रातल्या मुलीला लष्कर पाहायला लांब जावं लागत नाही. तोफखान्याची शाळा देवळालीला, आर्मी एव्हिएशनची नाशिक रोडला. दादरहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाला तिथे पोचता येतं. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर (लष्करी पायलट) म्हणून विंग्ज मिळाले ते नाशिकलाच. एप्रिल २०२३ मध्ये चेन्नईच्या ओटीएतून, म्हणजे लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून, पाच मुली प्रथमच तोफखान्यात गेल्या. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो, तेव्हा ‘मुलींना हलकी कामं देतात’ हे निदान इथे तरी चालणार नाही.

मग अडलं कुठे? ओटीएच्या शेवटाकडे कॅडेट्सकडून आर्म्सची, म्हणजे लष्कराच्या शाखांची, पसंती भरून घेतात. माझी एक जुनी कॅडेट त्या दिवसांत सुट्टीवर आली होती, तेव्हा तिने सांगितलं. प्रशिक्षण खांद्याला खांदा लावून झालं. धावण्याच्या वेळा मुलींना थोड्या सैल होत्या, तेवढं सोडलं तर रूट मार्च तेच, रात्री नकाशा घेऊन रान तुडवणं तेच, पाठीवरचं ओझं तेच. मग पसंती भरायची वेळ आली. मुलांच्या यादीत इन्फन्ट्री, आर्मर्ड (रणगाडे), मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री (चिलखती गाड्यांतलं पायदळ) होती. मुलींच्या यादीत ही नावंच नव्हती.

याचा मला इतका राग का येतो, याचा मी बराच विचार केला आहे. इन्फन्ट्री हवीच असते असं नाही. कितीतरी मुलांनाही ती नको असते आणि ते ती शेवटच्या क्रमांकावर लिहितात. पण त्यांना लिहिता तरी येते. मुलीला नापास व्हायचीदेखील सोय नाही. ‘तुझा खांदा हे ओझं पेलत नाही, परत जा,’ असं कोणी म्हटलं तर ते मला पटेल, तिलाही पटेल. इथे खांद्याचा प्रश्नच कोणी विचारत नाही. आणि विसंगती पाहा : जानेवारी २०२३ मध्ये इंजिनिअर्सच्या कॅप्टन शिवा चौहान यांना सियाचीनवर, पंधरा हजार फुटांच्या वर असलेल्या कुमार पोस्टवर नेमलं गेलं. म्हणजे थंडी, उंची, विरळ हवा, एकच तंबू हे सगळे आक्षेप लष्करानेच निकालात काढले. त्यांच्या तिथे असण्याला हरकत नाही, मात्र शेजारच्या इन्फन्ट्री पलटणीत त्यांना घेता येत नाही. हे मी एका निवृत्त कर्नलसाहेबांना विचारलं. माणूस सज्जन, मुलींच्या बाजूचा. ‘होईल हळूहळू,’ म्हणाले. होईलही. १९९२ मध्ये डॉक्टर-नर्सच्या कामापलीकडे मुली पहिल्यांदा लष्करात आल्या त्यालाही तीस वर्षं उलटून गेली. पण तुमची लेक यंदा एकवीस वर्षांची आहे.

हीच गोष्ट एनडीएच्या, म्हणजे बारावीनंतर तिन्ही दलांसाठी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीच्या मुलींची. ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. तीन वर्षं मुलांच्या बरोबरीने घासून काढलेल्या. अलीकडच्या जाहिरातींत एनडीएच्या लष्कराच्या २०८ जागांत मुलींसाठी दहा असतात, म्हणजे त्या दहांत येणारी मुलगी काय ताकदीची असेल ते बघा. तिच्यापुढेही पर्यायांची यादी आखूडच.

आमच्या लेकीने हे सगळं ऐकलं तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ‘बाबा, पेपर कठीण असू दे, पण द्यायला तरी मिळू दे,’ इतकंच म्हणाली. माझ्या मनाचा निकाल तिथेच लागला, बाकीचा विचार नंतर केला.

हवाई दलाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे तक्रारीला फारशी जागा नाही. २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी फायटर पायलट म्हणून कमिशन झाल्या. प्रयोग म्हणून उघडलेलं हे दार २०२२ मध्ये कायमचं उघडं केलं. विमानाला चालवणाऱ्याचं लिंग कळत नाही. कसोटी एक, मशीन एक. तत्त्वाच्या बाजूने पाहिलं तर तिन्हींत सगळ्यात स्वच्छ व्यवहार हाच, आणि एखाद्याने हवाई दलाला पहिला क्रमांक दिला तर मी वाद घालणार नाही.

फक्त दार अरुंद फार. उंची १६२.५ सेंटिमीटर हवी, वर पायांची आणि मांडीची लांबी मोजतात. आपल्याकडच्या कितीतरी धडधाकट मुली टेपपुढेच बाद होतात. पायलटसाठीची संगणकावरची चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी ताप असला तरी दुसरी संधी नाही. एनडीएतून फ्लाइंगच्या ९२ जागांत मुलींना अलीकडे दोन. आणि फ्लाइंग हुकलं की हवाई दलातलं बाकीचं बहुतेक काम जमिनीवरचं. लढायलाच जायचं ठरवलेल्या मुलीचा सगळा डाव असा एका सकाळच्या चाचणीवर लावायला माझं मन धजलं नाही. तुमचं धजत असेल, आणि मुलगी उंच असेल, तर जरूर जा.

आता नौदल. खरं तर बायकांना समुद्रापासून दूर ठेवण्यात नौदलानेच वर्षानुवर्षं आघाडी घेतली होती. किनाऱ्यावरची कामं द्यायची आणि जहाजाचा विषय निघाला की स्वच्छतागृहांचं कारण पुढे करायचं. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या बायकांनाही पर्मनंट कमिशनचा हक्क दिला, त्यानंतर मात्र चाकं भराभर फिरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन मुली युद्धनौकेवरच्या हेलिकॉप्टरसाठी ऑब्झर्व्हर, म्हणजे त्यातली सेन्सर आणि शस्त्रं हाताळणाऱ्या अधिकारी झाल्या. २०२३ च्या अखेरीस कमांडर प्रेरणा देवस्थळी यांना आयएनएस त्रिंकटची कमान मिळाली, भारतीय युद्धनौकेची कमान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. जुलै २०२५ मध्ये सब लेफ्टनंट आस्था पुनिया नौदलाच्या फायटर शाखेत निवडल्या गेल्या.

पण माझा कौल या पहिलेपणांमुळे गेला नाही. जहाजावर आघाडी आणि पिछाडी असा भेदच नसतो, हे त्याचं कारण. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईहून निघालेली आयएनएस खुकरी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांत तोफेवरचे होते तसे भटारखान्यातले आणि इंजिनरूममधलेही असणार. कॉम्बॅट कोण आणि सपोर्ट कोण, हे टॉर्पेडोने विचारलं नाही. ॲक्शन स्टेशन्सचा इशारा झाला की जहाजावरच्या प्रत्येकाला जागा नेमून दिलेली असते, आग विझवायची तर आग, पाणी शिरलं तर भोक बुजवायचं. एकदा मुलगी जहाजावर चढली की तिला लढाईपासून वेगळं काढायची सोयच उरत नाही. लष्करात जो वाद अजून चालू आहे, तो इथे गँगवे (जहाजावर जायची फळी) चढताक्षणी मिटतो.

लेक कुठल्या जहाजावर आहे हे अर्थातच लिहिणार नाही. सुट्टीवर आली की तिच्या गुडघ्यांवरचे काळेनिळे डाग पाहून तिची आई कळवळते. शिड्या उभ्या, दारांचे उंबरठे उंच. अग्निशमनाच्या सरावात होज धरताना सुरुवातीला तिचा तोल जायचा. तिला वगळलं नाही, पुन्हा धरायला लावलं. मला हवं होतं ते नेमकं एवढंच.

नौदलाची गाऱ्हाणीही आहेत. समुद्र लागणं हे अनेकींना कायमचं दुखणं होऊन बसतं आणि ते कोणत्याही परीक्षेत आधी कळत नाही. फोन आठवडेच्या आठवडे बंद. जहाजावर मुलींच्या केबिन मोजक्या, त्यामुळे समुद्रावरच्या नेमणुकाही त्या हिशेबाने मिळतात. हाही एक प्रकारचा कोटाच, फक्त कागदावर नाही. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, फार तर चौदा. पुढे पर्मनंट मिळालं नाही तर पस्तिशीच्या आसपास मुंबईत नवी नोकरी शोधायची. आणि नातेवाइकांना काही समजत नाही. लष्करातल्या मुलीचा फोटो पाहून लोक सलाम ठोकतात, आमच्या लेकीला लग्नात विचारलं गेलं, ‘मग मर्चंट नेव्हीत पगार किती?’

बारावीतल्या मुलीने एनडीएचा फॉर्म भरताना दलांचा पसंतिक्रम नीट लावावा, कारण नंतर बदलायला वाव फारसा नसतो. नौदलातल्या मुलींच्या जागांचा आकडा वर्षागणिक खालीवर होतो, म्हणून जाहिरात स्वतः वाचावी, क्लासवाल्याच्या तोंडावर जाऊ नये. इंजिनिअरिंग करणारीने घाई करू नये. नौदलाच्या शॉर्ट सर्व्हिसला डिग्रीच्या गुणांवर थेट एसएसबीचं बोलावणं येतं. आणि जिला डोंगर, माती आणि आपली माणसं घेऊन चालणंच हवंय, समुद्र बघून जिचं पोट ढवळतं, तिने माझं ऐकू नये. तिने लष्करातच जावं, आणि पसंतीचा कागद समोर आला की पहिल्या ओळीवर तोफखाना लिहावा.