नव्या इंजिनाला घाम येत नाही, तेल गळतं

नवी मोटरसायकल, ओडोमीटरवर जेमतेम ६०० किलोमीटर आणि सकाळी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग. सर्व्हिस सेंटरला नेली की उत्तर ठरलेलं: "साहेब, नवीन इंजिन आहे, थोडा घाम येणारच. दोन हजार किलोमीटर झाले की आपोआप बसेल." फसवणूक इथून सुरू होते. गळणारं गॅस्केट (दोन भागांच्या जोडातली पातळ पट्टी) किंवा ऑइल सील (फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी) गाडी चालवून बसत नाही. सरतात ते वॉरंटीचे दिवस.

एका १५० सीसी गाडीचं जे झालं ते बऱ्याच जणांचं होतं. पहिल्या सर्व्हिसला तक्रार तोंडी सांगितली, जॉबकार्डवर लिहिलं गेलं "जनरल चेकअप". इंजिन नुसतं धुऊन दिलं, दोन दिवस कोरडं राहिलं. दुसऱ्या खेपेला जोडावर बाहेरून सिलिकॉन सीलंट फासलं आणि बिलात "कन्झ्युमेबल्स" लावले. तिसऱ्या खेपेला ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायचा खालचा बोल्ट, इतका करकचून आवळला की ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) आटेच गेले. मग ऐकवलं, "बाहेर उघडलीय, वॉरंटीत बसत नाही." बोल्ट काढला तेव्हा खरं कारण हातात आलं. जुनाच वॉशर, त्यावर आधीच्या दाबाची खोल रिंग आणि एका बाजूला चीर. काही रुपयांचा वॉशर दर ऑइल बदलाला नवा टाकायचा असतो, तो टाकलाच नव्हता.

सीलंटने निव्वळ पैसे जात नाहीत. गॅस्केटच्या जागी ते जास्त लावलं तर आतल्या बाजूला फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत अडकतात.

गळतीचं दुसरं कारण सैल बोल्ट, आणि ते सैल होण्याचं मूळ डिलिव्हरीच्या दिवसात आहे. गाडी ताब्यात देण्याआधी शोरूमने तपासणी करायची असते. पाडवा-दसऱ्याच्या गर्दीत फॉर्मवर टिकमार्क होतात, पाना लागत नाही. त्यात रंगाचा थर, नवं गॅस्केट, रबर हे सुरुवातीला थोडं दबतंच, वर व्हायब्रेशन. म्हणून ५०० ते १००० किलोमीटरच्या पहिल्या सर्व्हिसला बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासायलाच हवेत. साधारण एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला १० आणि एम ८ ला २२ न्यूटन-मीटरच्या आसपास; नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. नंबरप्लेट, कॅरिअर, फूटरेस्टच्या ब्रॅकेटला निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब पुरतो. ड्रेन बोल्टला ते लावू देऊ नका.

सर्व्हिसला देण्याआधी ड्रेन बोल्ट आणि केसिंग यांवरून नेलपॉलिशची एक सरळ बारीक रेघ ओढा. ऑइल बदललं असं बिल हातात आलं आणि रेघ अखंड असेल, तर बोल्ट उघडलेलाच नाही. फूटरेस्ट, इंजिन माउंटिंगच्या बोल्टांवरही अशीच रेघ मारा. ती तुटली की बोल्ट फिरलाय.

गळती शोधताना सगळ्यात खालचा ओला भाग बघून फसू नका. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं. इंजिन थंड असताना डिग्रीझरने पुसा, पूर्ण वाळवा, टाल्कम पावडर भुरभुरवा, ५ ते १० किलोमीटर चालवून आणा. सगळ्यात वर आणि पुढे जिथे पावडर ओली, तिथे उगम. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), क्लच कव्हर, गिअर लिव्हरच्या दांड्याचं सील, चेनच्या पुढच्या चक्रामागचं सील हे नेहमीचे संशयित. आधी लेव्हलही बघा: सपाट जागी, गाडी सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर तीनेक मिनिटांनी. ऑइल जास्त भरलं की ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये चढतं आणि तिथून ठिबकतं. त्यात सील बदलायचं बिल लागलं तर तो सरळ दरोडा आहे.

जॉबकार्डवर शब्द आपले असू द्या: "क्लच कव्हरच्या खालच्या जोडातून ऑइल गळती, ६१२ किलोमीटर." सहीआधी वाचा, प्रत घ्या, ओडोमीटरसकट फोटो काढा. नोंद करत नसतील तर त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. मुदत २ वर्षं, म्हणून पहिल्या डागाची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.