आक्काच्या शॉक ट्रीटमेंटचा अनुभव, पाचात साडेतीन स्टार

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही, आक्काला चालणार नाही. कोल्हापुरातलंच खाजगी आहे, घरात कुणाला शॉक सांगितले असतील तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. आक्काचं दोन महिने जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडं तोंड करून पडून, गोळ्या तीनदा बदलून झाल्या. मग डॉक्टर म्हणाले ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट करूया, आठ सिटिंग, आठवड्याला तीन. दाजींनी हातच जोडले, "वीज नका लावू हो तिला." पिक्चरमध्ये बघितलेलं डोक्यात बसलंय ना, पेशंट बांधलाय आणि तडफडतोय. तसलं काय नसतंय. आधी भूल, मग स्नायू सैल पडायचं औषध, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं याशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे. अर्ध्या तासात आक्का स्ट्रेचरवर बाहेर, गाढ झोपलेली.

सगळ्यात आवडलं ते भूलवाले डॉक्टर. मी आपलं विचारलं, आत नेमकं काय झालं ओ, तर त्यांनी मशीनमधनं निघालेली ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाची पट्टीच बाकड्यावर पसरली, मीटरपेक्षा लांब, किराणाच्या बिलासारखी. पेन फिरवत सांगत गेले. करंट फक्त काही सेकंद, 0.8 ॲम्पिअरच्या आसपास, त्याचं काम नुसती फिट सुरू करायचं. पुढचं सगळं मेंदू स्वतः करतो. एरवी पेशी आपापलं बोलत असतात, मंडईतल्या गलक्यासारख्या, त्यामुळं रेघ बारीक थरथरती. फिट सुरू झाली की सगळ्या एकदम ओरडतात, शाहू स्टेडियमवर गोल झाल्यावर होतं तसं. आधी दाट टोकदार काटे, मग हळूहळू उंच आणि संथ लाटा, सेकंदाला तीनेक, आणि मग एकदम सपाट. मी घाबरलोच, म्हटलं मेंदू बंद पडला काय? ते हसले. म्हणाले मेंदूनंच ब्रेक लावलाय, अशी सपाट झाली की आम्ही खूश. पहिल्या फिटचे 38 सेकंद भरले होते. पाय मात्र एकच हलला म्हणे, कारण त्या घोट्यावर आधीच बीपीचा पट्टा आवळून ते स्नायू सैल करायचं औषध त्या पायात उतरू देत नाहीत, तेवढ्यावरनं बाहेरनं फिट कळते.

अर्धा स्टार कापला तो दुसऱ्या सिटिंगला. आक्का रात्री झोपेची क्लोनाझेपाम घ्यायची, ती फिट दाबते, आदल्या रात्री देऊ नका हे सिस्टरनी सांगायचं राहिलं. फिट 14 सेकंदात विझली, करंट वाढवून परत द्यावा लागला. आम्ही बाहेर नुसते घड्याळ बघत. पुढं पुढं तसाही करंट वाढवावा लागतोच म्हणे, मेंदू दर खेपेला जास्त घट्ट होत जातो, जागेपणीच्या ईईजीतही संथ लाटा दिसायला लागतात आणि कोर्स संपल्यावर काही आठवड्यांत जातात. यातलं नक्की कशानं बरं वाटतंय ते अजून कुणालाच पक्कं सांगता येत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं, उगा मोठेपणा नाही.

उरलेला एक स्टार विसरण्याचा. चौथ्या सिटिंगनंतर आक्का आपणहून म्हणाली, "चहात साखर कुणी एवढी ओतलीया?" दाजी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पण सहाव्यानंतर घरी आली आणि फ्रिजसमोर उभी राहिली, "ह्यो कुणाचा आणून ठेवलाय?" दसऱ्याला तिनंच पसंत केलेला. आधल्या काही महिन्यांचं असं पुसलं जातं, बरंचसं परत येतं, काही येत नाही. सही घेताना फॉर्मवर बारीक अक्षरात होतं खरं, पण तोंडानं कुणी सांगितलं असतं तर दाजी एवढे हबकले नसते. आता तिनं फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, दसरा, अमुक दुकान, एवढे हप्ते बाकी.

बाकी सकाळी उपाशीपोटी सातला बोलावतात आणि नंबर साडेनऊला लागतो. पार्किंग नाही, गाडी आणू नका, रिक्षा करा.