वापरलेला वीस फुटी कंटेनर: दोन पावसाळ्यांनंतर

कोकणातील घराच्या परसात शेतीची अवजारे, जुने फर्निचर आणि पुस्तकांची खोकी ठेवण्यासाठी आम्ही उरण परिसरातील एका यार्डातून वापरलेला कंटेनर घेतला, त्याला आता दोन पावसाळे झाले. 20 फूट लांब, 8 फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच अशा या पेटीत सुमारे 33 घनमीटर जागा मिळते. निवड करताना आत शिरून दारे लावून घेतली; कुठेही उजेडाचा ठिपका दिसला नाही, आणि ही परीक्षा ताज्या रंगापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे, कारण रंगाखाली बराच गंज झाकता येतो. रिकाम्या कंटेनरचेच वजन सव्वादोन टनांच्या आसपास असल्याने तो उतरवण्यासाठी क्रेन बोलवावी लागली, मात्र तिचे भाडे विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत धरलेले नव्हते. कोपऱ्यांखालचा एक काँक्रीटचा ठोकळा किंचित खचताच दारे अडकू लागली.

छप्पर गळले नाही. त्रास झाला तो आतल्या दमटपणाचा. रात्री पत्रा गार झाला की कोंडलेल्या हवेतील बाष्प छताला दवासारखे धरते आणि थेंबथेंब खाली पडते, त्यामुळे पहिल्याच वर्षी पुस्तकांना बुरशी लागली. मूळचे झरोके अगदीच नावापुरते असतात. नंतर समोरासमोर जाळीच्या खिडक्या बसवल्या आणि वर पत्र्याची शेड उभारली, तेव्हा कुठे फरक पडला. तळाच्या प्लायवूडवर बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते, म्हणून भाताची पोती आम्ही आजही माळ्यावरच ठेवतो.