रोहतांगवर अडकलेली मुलगी आणि माझे साडेनऊ हजार

आमच्या देवगडात अडकणं म्हणजे पावसात अडकणं. करूळ घाटात दरड आली, एस्टी थांबली, असं कोणी सांगितलं की आपण लगेच विचारतो, कुठल्या वळणावर, कधीपासून, एक बाजू चालू आहे का. बर्फाबद्दल काय विचारायचं हेच मला ठाऊक नव्हतं. फसलो तो तिथेच.

27 डिसेंबर 2024. थोरली पुण्याच्या दोन मैत्रिणींबरोबर मनालीला गेलेली. संध्याकाळी बातम्यांत सोलंग नाल्याजवळ बर्फात रुतलेल्या गाड्यांची रांग दिसली आणि तिचा फोन लागेना. रात्री साडेनऊला अनोळखी नंबर. "अंकल, रोहतांग पे गाडी फँसी है, हीटर बंद है, बच्ची को चक्कर आ रहा है." तिघींची नावं बरोबर. चाकांना चेन लावलेली फोर बाय फोर वर न्यायची, साडेनऊ हजार आधी द्या. मागे वारा घोंघावत होता; आता वाटतं, पंखा असेल.

ही रडकुंडीला आली. "पैशे गेले चुलीत, चेडवाक आधी खाली हाडूक सांगा!"

पाठवले. दहा मिनिटांत पुन्हा फोन, आता ऑक्सिजनचे पंधरा हजार. आंब्याच्या फवारणीची बिलं भागवून खातं रिकामं झालेलं, म्हणून वाचलो, हुशारीने नव्हे. उसने मागायला पुतण्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "काका, रोहतांग ह्या दिवसांत चालू असता काय?"

नसतो. रोहतांग म्हणजे मनालीच्या वरचा उंच घाट. ऐन हिवाळ्यात तो वरचा रस्ता बर्फाने बंद असतो, गाड्या 2020 पासून खालच्या अटल बोगद्यातून जातात. बंद घाटात एस्टी अडकली म्हणून मी पैसे भरले होते!

लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), वेळ, समोरचा यूपीआय आयडी विचारतात, ते हाताशी ठेवा. माझी पाच मिनिटं चष्मा शोधण्यात गेली. समोरच्या खात्यातले सहा हजार गोठवले, बाकीचे तोवर पुढे सरकलेले.

पहाटे मुलीचा फोन आला. अडकल्या होत्या खऱ्याच, पण सोलंगला. पोलिसांनी खाली आणलं, रुपया घेतला नाही. मी कुल्लू पोलिसांचा नंबर शोधायला हवा होता, तेही सुचलं नाही.

नावं कुठून गेली? माझ्याच फेसबुकवरून. सकाळीच तिघींचा बर्फातला फोटो नावांसकट टाकला होता, आणि वर आंब्याच्या जाहिरातीत माझा मोबाइल नंबर. फोटो आता तिथून हटवलाय. नंबर कसा काढू, फेब्रुवारीत पेटीसाठी फोन सुरू होतात.