तामियाचं एचई २१९ उहू (१/४८): घ्यावं का?

तामिया ह्या जपानी कंपनीचं हाइन्केल एचई २१९, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नाइट फायटरचं (रात्री बॉम्बर पाडणाऱ्या विमानाचं) प्लॅस्टिक मॉडेल, एकदाचं पूर्ण झालं. ऑर्डर करायच्या आधी कपाट मोजा, कारण पंखांची लांबी साधारण साडेअडतीस सेंटीमीटर भरते. किट तसं जुनंच, नव्वदच्या दशकातलं, पण पार्ट असे बसतात की पुट्टीचा डबा मी जेमतेम उघडला. ह्या विमानाला पुढे नाकाखाली चाक आहे, म्हणजे मॉडेल शेपटीवर बसायची भीती, तर तामियाने पुढचा एक पार्ट थेट धातूचाच दिलाय. वजनासाठी नाकात छर्रे, नटबोल्ट कोंबायची कटकटच नाही.

खरी मजा आणि खरी डोकेदुखी म्हणजे नाकावरचे रडारचे अँटेना. जर्मन लोक ह्याला हरणाची शिंगंच म्हणायचे. ती एवढी मोठी का, हे कळलं की चिकटवताना जरा कमी शिव्या निघतात. जर्मन फायटरमधला आधीचा लिश्टेनश्टाइन रडार साधारण ४९० मेगाहर्ट्झवर चालायचा, अँटेना छोटे होते. २४ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिशांनी हॅम्बुर्गवर पहिल्यांदा ॲल्युमिनियम फॉइल लावलेल्या कागदी पट्ट्या पाडल्या, साधारण २७ सेंटीमीटरच्या, आणि विमानातला रडार आणि जमिनीवरचा वुर्झबुर्ग रडार दोघंही एकदमच आंधळे. तोवर जर्मनांचा सगळा कारभार जमिनीवरच्या कंट्रोलरच्या भरवशावर, आकाशाचे चौकोन पाडलेले, एका चौकोनात एका वेळी एकच फायटर, कंट्रोलर त्याला बॉम्बरच्या जवळ नेऊन सोडणार. ते सगळं कोलमडल्यावर फायटर थेट बॉम्बरच्या झुंडीतच घुसवायचे आणि रेडिओवर झुंड कुठे चाललीय त्याची कॉमेंट्री द्यायची, अशी पद्धत आली. त्यासाठी एसएन-२ रडार, ९० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, वेव्हलेंग्थ तीन मीटरच्या वर, त्या छोट्या पट्ट्यांना दाद न देणारा. म्हणून ही अँटेनांची झाडं. हवेचा विरोध वाढून स्पीड कमी व्हायचा, तरी चालवून घेतलं. आणि मग १३ जुलै १९४४ ला एक जंकर्स ८८ (जर्मनांचं दुसरं नाइट फायटर) रस्ता चुकून इंग्लंडात वुडब्रिजला उतरलं, एसएन-२ सकट! पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

किटमध्ये हे दांडे अगदी नाजूक आहेत. रंग, डिकल (चिकटवायची चिन्हं), वार्निश सगळं उरकल्यावरच लावा, आणि नंतर घरात कुणी फडकं घेऊन आलं तर कपाटासमोर उभे राहा.

पाठीवर वरच्या बाजूला तिरप्या तोफांची दोन भोकं आहेत, ती रंगात बुजवू नका. ह्याला श्रेगे मुझिक म्हणायचे. लँकेस्टर ह्या ब्रिटिश बॉम्बरच्या पोटाखाली बहुतेक वेळा तोफच नसायची, त्यामुळे फायटर खालून हळूच सरकायचा आणि पंखातल्या इंधनाच्या टाक्यांवर नेम धरायचा, पोटावर नाही, कारण बॉम्ब फुटले तर आपणही गेलो. ट्रेसर (गोळीमागची चमकती रेघ) जवळजवळ दिसायचाच नाही, म्हणून बॉम्बरवाल्यांना मार कुठून येतोय तेच बराच काळ कळलं नाही. मला तर हा सगळा प्रकार रडारपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

कॉकपिट मस्तच. पायलट आणि रडारवाला पाठीला पाठ लावून, आणि दाबलेल्या हवेवर उडणाऱ्या इजेक्शन सीट, लढाईत आलेल्या विमानांत पहिल्याच. ११-१२ जून १९४३ च्या रात्री वेर्नर श्ट्राइब ह्या जर्मन पायलटने ह्याच प्रकारच्या सुरुवातीच्या विमानातून पाच बॉम्बर पाडले आणि हॉलंडात व्हेनलोला उतरताना विमानाचे तुकडे केले, दोघंही जिवंत. ह्या एका रात्रीवर उहूची अर्धी कीर्ती उभी आहे असं माझं स्पष्ट मत. एकूण तीनशेसुद्धा बनली नाहीत, रोजची हमाली मेसरश्मिट ११० आणि जंकर्स ८८ नेच केली. पहिलंच नाइट फायटर करणार असाल तर त्यातलं एखादं घ्या, उहू नंतर.

रंगाचं बघा. रात्रीचं विमान म्हणून काळं फासू नका, जर्मनांनीच काळा रंग सोडून फिकट निळसर राखाडी घेतला होता, रात्री काळंच जास्त उठून दिसतं म्हणून. वर गडद राखाडी ठिपके आहेत, ते ब्रशने नीट येत नाहीत, एअरब्रश नसेल तर मित्राचा मागा.