‘उपजत गळा आहे’ की ‘छान घोटलीस’?

ग्वाल्हेरच्या वहिनींचा प्रश्न: लेक गाणं शिकतेय, शाबासकी कशी द्यावी? ‘उपजत गळा आहे हो!’ की ‘भूप रागातली ती तान छान घोटलीस’?

खर्च दोन्हींना शून्य. कष्ट मात्र दुसरीत. नीट ऐकावं लागतं, स्वयंपाकघरातून नुसतं ‘वा वा’ चालत नाही. टिकाऊपणात पहिली लंगडी. मानसशास्त्रज्ञ म्यूलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीची स्तुती झालेली पाचवीतली मुलं अपयश येताच ढेपाळली, मेहनतीची दाद मिळालेली चिकटून राहिली. परवा लेकीची तान घसरली. वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘सम मात्र नेमकी गाठलीस.’ पोरीने तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला.

वाढदिवसाला, पाहुण्यांसमोर पहिली चालेल. रोजच्या रियाजाला दुसरीच.